स्वतःची एलिमेंटल प्लेन्स कशी बनवायची: फँटसी गेम चालवणाऱ्यांसाठी

आधीच सांगतो, इथे प्लेन म्हणजे विमान नाही. फँटसी रोलप्लेइंग गेममध्ये आपल्या नेहमीच्या जगापलीकडे जी वेगळी दुनिया असते तिला प्लेन म्हणतात, आणि जिथे सगळा कारभार एकाच तत्त्वाचा, नुसती आगच आग किंवा नुसतं पाणीच पाणी, ते एलिमेंटल प्लेन. तुम्ही डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गेम चालवणारा) असाल आणि कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, स्वतः लिहीत असाल तर कधी ना कधी ही खाज येतेच की तयार आग-पाणी-हवा-माती नको, आपलं स्वतःचं काहीतरी करू.

मलाही आली होती. पहिल्यांदा केलं तेव्हा आगीच्या प्लेनचा नकाशा काढायला तीन आठवडे घालवले, बारा शहरं, चार राजघराणी, लाव्हाच्या नद्या, त्यांच्यावर पूल, सगळं. पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) तिथे गेली, विझर्डने, म्हणजे त्यांच्यातल्या जादूगाराने, आगीपासून वाचवणारं स्पेल टाकलं आणि चाळीस मिनिटांत काम उरकून सगळे परत. वर एकाने विचारलं, हे आणि साधं वाळवंट ह्यात फरक काय होता रे? राग आला, पण बोलला ते खरं होतं. माझ्या त्या प्लेनमध्ये आग नुसती वॉलपेपरसारखी मागे लावलेली होती, ती कुणाचं काही करतच नव्हती.

तेव्हापासून कुठलंही तत्त्व घेतलं की मी आधी त्याचं क्रियापद लिहितो आणि नाव नंतर. आत आलेल्याचं हे तत्त्व काय करतं? जाळतं, टिकवतं, विरघळवतं, पकडून ठेवतं, विसरायला लावतं, जे काही असेल ते. हे एकदा ठरलं की बाकीचं निम्मं काम सुटतं, आणि हे ठरलं नसेल तर बारा काय, बाराशे शहरं काढा, उपयोग शून्य. खाली जे सांगतोय ते सगळं ह्याच एका गोष्टीवर उभं आहे.

पहिलं काम: प्लेन्स हवीत कशाला ते एका ओळीत लिहा

खरंच लिहा, डोक्यात ठेवू नका. साधारण तीन कारणं असतात. एक, जादू कुठून येते ते सांगायला. दोन, पार्टीला जायला एक अवघड ठिकाण हवं म्हणून. तीन, तिथून कुणीतरी इकडे येतंय आणि ते थांबवायचंय. तीनही एकदम हवी असतील तर हरकत नाही, पण पहिलं कोणतं ते ठरवा, कारण मेहनत कुठे घालायची ते त्यावर ठरतं. जादूचा उगम सांगायचा असेल तर नकाशाची गरजच नाही, तत्त्वांची एकमेकांशी नाती पक्की हवीत. जायचं ठिकाण असेल तर तिथे जगायचं कसं ह्याचे नियम हवेत. आणि शत्रू तिकडून येणार असतील तर त्यांना काय हवंय ते हवं, बाकी प्लेन धूसर राहिलं तरी चालतं.

किती तत्त्वं आणि कुठली

इथे बहुतेक लोक घाईघाईने यादी करतात, वीज, बर्फ, सावली, प्रकाश, काळ, धातू, आणि बघता बघता अकरा होतात. थांबा. आधी जुन्या लोकांनी हे कसं केलं ते बघू, कारण त्यांनी यादी केली नव्हती, रचना केली होती. मला तीन रचना उपयोगी पडल्यात.

पहिली दोन स्विचवाली. पृथ्वी, पाणी, हवा, आग ही चार मुळं ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लिसने इसवी सनापूर्वी ५ व्या शतकात मांडली, पण गेमसाठी मजेची गोष्ट केली अॅरिस्टॉटलने. त्याने दोन जोड्या घेतल्या, गरम-थंड आणि कोरडं-ओलं. गरम आणि कोरडं म्हणजे आग, गरम आणि ओलं म्हणजे हवा, थंड आणि ओलं म्हणजे पाणी, थंड आणि कोरडं म्हणजे माती. एक स्विच बदलला की एक तत्त्व दुसऱ्यात बदलतं. हे आहे तसं उचलायची गरज नाही, स्विच तुमचे घ्या. समजा जड-हलकं आणि जागं-झोपलेलं असे दोन घेतले: जड आणि झोपलेलं म्हणजे दगड, जड आणि जागं म्हणजे धातू, हलकं आणि झोपलेलं म्हणजे धुकं, हलकं आणि जागं म्हणजे वीज. पाच मिनिटांत चार तत्त्वं तयार, आणि कोण कुणाचं शेजारी तेही फुकटात ठरलं. दोन स्विचची चार होतात, तीन स्विच घेतलेत तर आठ. तीन घेऊ नका, कारण पुढे सांगतो.

दुसरी रचना शिडीची, आणि ही आपल्या ओळखीची आहे. तैत्तिरीय उपनिषदात आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून आप (म्हणजे पाणी) आणि आपापासून पृथ्वी असा क्रम आहे. पुढे वेदान्तात प्रत्येक पायरीला एकेक गुण वाढत जातो: आकाशाला फक्त शब्द, वायूला शब्द आणि स्पर्श, तेजाला (म्हणजे अग्नीला) त्यात रूप, आपाला रस, पृथ्वीला गंधासकट पाचही. आता हे डीएमच्या नजरेने बघा. पृथ्वीच्या प्लेनमध्ये पाचही इंद्रियं चालतात. तिथून पाण्याच्या प्लेनमध्ये गेलात की वास गेला. आगीत गेलात की चव गेली. वायूत पोचलात की दिसणंच बंद, आणि आकाशात हाताला काही लागत नाही, फक्त ऐकू येतं. म्हणजे एक अख्खं कॅम्पेन वर चढत जाणारं, आणि प्रत्येक मजल्यावर पार्टीचं एक हत्यार गळून पडतंय. मॉन्स्टर मोठे करत बसायची गरजच नाही! हे मी अजून पूर्ण खेळवलेलं नाही, दोन मजल्यांपर्यंतच पोचलोय, पण वासावर शिकार शोधणारा रेंजर पहिल्याच मजल्यावर ज्या पद्धतीने गोंधळला ते बघून खात्री पटली.

तिसरी चक्राची. चिनी परंपरेत लाकूड, आग, माती, धातू, पाणी अशी पाच आहेत आणि त्यांची दोन चक्रं, एक जन्म देण्याचं आणि एक दाबण्याचं. ह्यातलं गणित फार सुंदर आहे. पाच गोष्टींच्या जोड्या होतात दहा. पाच जोड्या जन्माच्या चक्रात जातात, उरलेल्या पाच दाबण्याच्या चक्रात, एकही जोडी बिननात्याची राहत नाही. चार किंवा सहा तत्त्वांत हे इतकं साफ बसत नाही, कारण प्रत्येकाने जितक्यांना हरवायचं तितक्यांकडूनच हरायचं असेल तर एकूण संख्या विषमच लागते.

आणि संख्या वाढवू नका म्हणतो ते ह्याच जोड्यांमुळे. चार तत्त्वांच्या सहा जोड्या, पाचच्या दहा, सहाच्या पंधरा, आठच्या अठ्ठावीस. म्हणजे तत्त्वं दुप्पट केलीत तर नाती साडेचार पटीच्या वर गेली, आणि खेळाडू नेमकं हेच विचारतात की धुक्यावर धातू टाकला तर काय होईल. उत्तर नसलं की मग आपण तोंडाला येईल ते सांगतो आणि तीन सेशननंतर स्वतःच विसरतो.

आता एक चालू उदाहरण घेऊ

नुसता सल्ला कोरडा लागतो, म्हणून मी सध्या चालवतोय ती सिस्टीमच समोर ठेवतो. चक्राची रचना, पाच तत्त्वं: ओल, मूळ, जाळ, मीठ, नाद. क्रियापदं अशी:

ओल मिसळते. मूळ धरून ठेवतं. जाळ बदलतो. मीठ टिकवतं. नाद पोचवतो.

जन्माचं चक्र: ओलीवर मूळ पोसतं, मुळाचं सरपण जाळ खातो, जाळाने पाणी आटवलं की मीठ उरतं, मिठाच्या स्फटिकावर टिचकी मारली की नाद उठतो, आणि नाद गडगडला की पाऊस येऊन परत ओल. दाबण्याचं चक्र एक सोडून पुढचं: ओल जाळाला विझवते, मूळ मिठाचे थर फोडतं, जाळ नादाला गिळतो (मोठ्या वणव्याजवळ उभं राहून बोलून बघा, म्हणजे नका बघू, पण कल्पना करा), मीठ ओल शोषून घेतं, नाद मुळाला हादरवून सैल करतो.

बघा, दहाही जोड्या झाल्या, आणि प्रत्येक वाक्य असं आहे की खेळाडूला पाठ करावं लागत नाही. ही माझी कसोटी आहे. नातं समजवायला तक्ता काढावा लागला तर नातं चुकलंय. 'मीठ ओल शोषतं' हे कुणालाही पटतं, 'सावली विजेला हरवते' ह्याला मात्र दर वेळी कारण द्यावं लागतं. जाळ आणि नाद ही माझी सगळ्यात कमकुवत जोडी आहे हे मला माहितेय, कंस टाकावा लागला त्यातच आलं.

मांडणी: कोण कुठे

ह्यावर लोक फार वेळ घालवतात आणि मला वाटतं तो वाया जातो. डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या ह्याच प्रकारच्या प्रसिद्ध गेमचंच घ्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यात आतली प्लेन्स एकूण अठरा झाली होती: चार मूळ तत्त्वं, त्यांच्या सीमेवरची धूर, मॅग्मा, चिखल आणि बर्फ अशी चार, दोन ऊर्जांची दोन, आणि ऊर्जा आणि तत्त्व मिळून आणखी आठ, ज्यात वीज, वाफ, राख, धूळ, मीठ, अगदी निर्वातसुद्धा. कागदावर देखणं, पण अठरा ठिकाणी कुठली पार्टी जाणार? मग २००८ च्या आवृत्तीत सगळं एकत्र कालवून एकच मोठी खळबळती जागा केली, आणि पुढच्या आवृत्तीत परत वेगवेगळी प्लेन्स आली. म्हणजे हा गोंधळ मोठ्यांनाही सुटलेला नाही, तुम्ही टेन्शन घेऊ नका.

कामाचे प्रकार तीनच. वर्तुळ, म्हणजे शेजारी शेजाऱ्याला चिकटलेला आणि मधे आपलं जग. चक्राच्या रचनेला हे आपसूक बसतं. शिडी, वर सांगितलीच. आणि तिसरा, मला सगळ्यात आवडणारा, पापुद्र्यांचा: प्लेन कुठे लांब नाहीच, ते ह्याच जागेवर आहे पण झाकलेलं. जुन्या विहिरीच्या तळाशी ओलीचं प्लेन पातळ होतं, घंटा वाजवणाऱ्याच्या मनोऱ्यात नादाचं. ह्याचा फायदा असा की प्लेनचा वेगळा नकाशा लागतच नाही, तुमच्या गावाचाच नकाशा घ्यायचा आणि प्रत्येक जागेला विचारायचं की मिठाच्या बाजूने ही जागा कशी दिसेल. बाजार असेल तिथे गोठलेले सौदे, हात पुढे केलेले व्यापारी, कित्येक वर्षं तसेच.

सीमेवरची मिश्र प्लेन्स आधीच बनवू नका. पार्टी सीमेवर गेली की तिथे दोन क्रियापदं एकदम लावायची, झालं. ओल आणि मूळ एकत्र म्हणजे मिसळते आणि धरून ठेवते: दलदल, जी तुम्हाला गिळत नाही तर स्वतःत सामावून घेते.

प्लेनच्या आत: जगायचे नियम

इथे मात्र वेळ द्या, सगळा गेम इथे आहे. प्रत्येक प्लेनसाठी मी सात प्रश्नांची उत्तरं लिहितो, एकेका ओळीत: पायाखाली काय, श्वास कसा, उजेड कुठून, आवाज कसा पोचतो, जखम झाली तर काय, झोपलो तर काय, आणि सोबत आणलेल्या सामानाचं काय. शेवटचे तीन सगळ्यात महत्त्वाचे, कारण खेळाडूंचा जीव त्यांच्या हिट पॉइंट्सपेक्षा (पात्रात किती जीव उरलाय त्याचा आकडा) सामानात जास्त असतो.

खरं भौतिकशास्त्र थोडं माहीत असलं की इथे मजा येते. हवेच्या प्लेनमध्ये तळ नाही असं म्हणता ना, मग हिशोब करा: मोकळा पडणारा माणूस थोड्या सेकंदांत ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेग धरतो आणि मग वेग वाढत नाही. सहा सेकंदांचा राउंड (लढाईतली एक फेरी) धरला तर दर राउंडला तीनशे मीटरच्या वर. म्हणजे पार्टीतला एक जण एक राउंड उशिरा सुटला तर तो बाणाच्या टप्प्याबाहेर, ओरडलेलं ऐकू येणं अवघड. ही माहिती मॉन्स्टरपेक्षा भीतीदायक आहे. पाण्यात दर दहा मीटरला वातावरणाइतका दाब वाढतो, आणि समुद्रात दोनशे मीटरच्या खाली उजेड जेमतेम, हजारच्या खाली शून्य. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, आणि कठीण दगडात पाच किलोमीटरच्या आसपास. म्हणून मातीच्या प्लेनमधल्या प्राण्यांना तुमचं पहिलं पाऊल पडतं तेव्हाच कळलेलं असतं, चोरपावलांचा डाइस टाकून काही होत नाही. लाव्हा ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असू शकतो, सोनं १०६४ ला वितळतं, लोखंड १५३८ ला. म्हणजे लाव्हात पडलेली तलवार एक वेळ पोलादी आकारात राहील पण खजिन्यातली सोन्याची नाणी गेली! आणि माणूस लाव्हात सिनेमात दाखवतात तसा बुडत नाही, कारण लाव्हा पाण्याच्या अडीच-तीन पट जड, तो वर तरंगतच जळतो. हे टेबलावर सांगायचं की नाही ते तुमच्या ग्रुपवर.

पण भौतिकशास्त्राच्या फार आहारी जाऊ नका. ते क्रियापदाला मदत करत असेल तरच वापरा.

माझ्या मिठाचं उदाहरण. मीठ टिकवतं. मग जखम चिघळत नाही, पण भरतही नाही. विष पुढे सरकत नाही. भूक लागत नाही, जेवलेलं पचत नाही. विश्रांतीने हिट पॉइंट परत येत नाहीत, हीलिंगचं स्पेल आतल्या आत थिजतं आणि प्लेनबाहेर आल्यावर एकदम लागू होतं. वय वाढत नाही. ऐकायला स्वर्ग वाटतो ना? म्हणून तर तिथे जाणारे परत येत नाहीत. आणि मुळाचं प्लेन: जे खाली ठेवाल ते रुजतं. तंबू, पिशवी, झोपलेला माणूस. पार्टी आळीपाळीने एकमेकांना पाठीवर घेऊन झोपते, ही आयडिया मी दिली नव्हती, त्यांनीच काढली, आणि तीन सेशन चाललेल्या सगळ्या लढायांपेक्षा ती रात्र लोकांना जास्त आठवते.

नादाच्या प्लेनमध्ये पायाखाली जमीन नाही, आवाजावर उभं राहायचं. शांतता झाली की पडलात. मी उत्साहात खेळाडूंना खरंच गुणगुणायला लावलं. पहिली दहा मिनिटं धमाल, मग घसे बसले आणि शेजारच्या खोलीतून विचारणा झाली. आता एक जण ढोल वाजवतोय असं धरतो आणि त्याचा टर्न त्यात जातो.

धोका डॅमेजमध्ये मोजू नका

ही चूक माझ्या त्या पहिल्या आगीत होती. 'दर राउंडला दहा पॉइंट आगीचं डॅमेज' असा नियम केलात की एक तर पार्टीकडे रेझिस्टन्स (त्या डॅमेजपासून संरक्षण) नाही आणि सगळे मरतात, किंवा आहे आणि प्लेनचा काही अर्थच उरत नाही. मधलं काही नाही. त्यापेक्षा तीन पायऱ्यांचं घड्याळ लावा: चाहूल, किंमत, बदल.

चाहूल म्हणजे नुसतं वर्णन, काही नुकसान नाही. मिठात पहिल्या तासाला ओठांना चव येते, पापण्या जड होतात. किंमत म्हणजे काहीतरी खरं जातं, पण खेळाडू निवडतो काय द्यायचं. मिठात एका दिवसाने अंगातली ओल मागितली जाते: पाण्याची बुधली रिकामी करा, नाहीतर थकव्याची एक पायरी घ्या. बदल म्हणजे कॅरेक्टरमध्ये कायमचं किंवा काढायला कष्टाचं काहीतरी. तिसऱ्या दिवशी एक आठवण स्फटिक होते, ती कधीच विसरणार नाही पण तिच्याबद्दल काही वाटणारही नाही, कुठली ते खेळाडूनेच सांगायचं.

डाइस कुठे? किंमत आणि बदलाच्या वेळी एक सेव्ह, म्हणजे धोक्यातून वाचायला टाकायचा डाइस. वीस बाजूंच्या डाइसचा गेम असेल तर टार्गेट दहापासून सुरू करा आणि दर टप्प्याला एक किंवा दोनने वाढवा, पंधराच्या पुढे गेलं की पार्टी आपणहून परतीचा रस्ता शोधायला लागते. दर राउंडला सेव्ह मागू नका, कंटाळा येतो. आणि रेझिस्टन्सवाल्या कॅरेक्टरला पूर्ण सूट देऊ नका, त्याचं घड्याळ अर्ध्या वेगाने चालवा, म्हणजे त्याची गुंतवणूकही वाया जात नाही आणि प्लेनही जिवंत राहतं.

दारं आणि परतीचं भाडं

दार उघडण्याची पद्धत क्रियापदातूनच काढा. मुळाच्या प्लेनमध्ये जायचं तर जमिनीत काहीतरी स्वतःचं पुरा आणि वाट बघा. जाळात जायचं तर असं काहीतरी जाळा जे परत मिळणार नाही. नादात जायला प्रतिध्वनी हवा, आणि प्रतिध्वनीने तुमच्या वाक्यापेक्षा वेगळं काहीतरी परत बोललं की दार उघडलं. परतीचा रस्ता जाण्याच्या रस्त्यापेक्षा वेगळा ठेवा, जन्माच्या चक्राने पुढच्याच प्लेनमधून बाहेर पडता येतं असा माझा नियम आहे. ओलीत गेलात तर परत यायला मुळातून यावं लागतं. एका दगडात दोन प्लेन्स दाखवून होतात.

तिथे राहतं कोण

पॅरासेल्सस ह्या स्विस वैद्याने १६ व्या शतकात चार तत्त्वांचे चार रहिवासी सांगितले, मातीचे नोम, पाण्याच्या अनडाइन, हवेचे सिल्फ, आगीचे सॅलमँडर, आणि गेमांमध्ये आपण अजून तेच फिरवतोय. त्यात वाईट काही नाही. पण 'आगीचा माणूस रागीट, पाण्याचा शांत' एवढ्यावर थांबलात तर दहा मिनिटांत पात्र संपतं. मी दोनच गोष्टी ठरवतो: ह्यांच्याकडे काय कधीच नसतं, आणि आपल्याकडची कुठली साधी गोष्ट त्यांना चमत्कार वाटते. मिठाच्या रहिवाशांकडे शेवट नसतो. त्यामुळे त्यांना संपणाऱ्या गोष्टींचं वेड, अर्धी जळालेली मेणबत्ती ते खजिन्यासारखी विकत घेतात, आणि गोष्ट सांगितली तर शेवट ऐकायला काहीही देतात. ओलीचे रहिवासी 'मी' म्हणत नाहीत कारण त्यांच्यात एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हेच ठरलेलं नाही. त्यांच्याशी करार करायचा तर सही कुणाची घ्यायची हा पार्टीचा प्रॉब्लेम. व्यापार असा ठरला की शत्रू, मित्र, क्वेस्ट, सगळं त्यातूनच निघतं.

टेबलावर आणताना

पार्टीला थेट प्लेनमध्ये ढकलू नका. दोन-तीन सेशन आधी प्लेन इकडे गळू द्या. एका गावात दूध नासत नाहीये, मग कळतं की म्हातारी आजारी माणसंही मरत नाहीयेत, आणि झाडांना फळ धरत नाहीये. खेळाडू स्वतःच म्हणतात की हे काहीतरी टिकवतंय, आणि त्यांना नियम सापडल्याचा आनंद होतो. तुम्ही उभं राहून लेक्चर दिलंत तर कुणी ऐकत नाही.

पहिल्या फेरीत एकच प्लेन पूर्ण तयार ठेवा, बाकीच्या चारांची फक्त क्रियापदं आणि सात ओळी. एका प्लेनला एक पान, जास्त झालं तर काटा. मी आधी मित्राला फोनवर दोन मिनिटांत प्लेन समजावून सांगतो आणि विचारतो की तू तिथे गेलास तर पहिलं काय करशील. त्याने 'बघेन इकडेतिकडे' म्हटलं तर प्लेन कच्चं. त्याने काहीतरी चलाखी सुचवली की पक्कं.

आणि चलाखी होणारच. नियम स्पष्ट असले की खेळाडू ते वाकवतात, हे अपयश नाही, त्यासाठीच तर नियम केले. नाही म्हणू नका, हो म्हणा आणि बिल नंतर पाठवा. माझ्या ग्रुपने विष पाजलेल्या राणीला उचलून मिठाच्या प्लेनमध्ये ठेवलं, कारण तिथे विष पुढे सरकत नाही. मी दोन मिनिटं गप्प बसलो, वही उघडली, नियम वाचला, आणि खरंच सरकत नव्हतं. मग वहीत एक ओळ वाढवली की जे तिथे ठेवलं जातं त्याची मिठाचे रहिवासी रोज भेट घेतात आणि शेवट कसा असतो ते विचारतात. राणी अजून तिथेच आहे, विष जिथल्या तिथे, उताऱ्याचा पत्ता नाही, आणि मागच्या खेपेला पार्टी भेटायला गेली तेव्हा तिने त्यांना पहिल्यांदाच विचारलं की तुमच्याकडे अर्धी जळालेली मेणबत्ती आहे का.